पोटावरील वार : शस्त्रक्रिया केव्हा, प्रतीक्षा केव्हा?

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी पोटात शिरलेल्या सुऱ्याचा विषय कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. मधुमेह, हृदयविकार, रक्तदान हे विषय अशा व्यासपीठांवर रुळले आहेत. पोटावरील वाराचा विषय निघाला की तो गुंडांचा आणि पोलिसांचा, सज्जन कुटुंबांचा त्याच्याशी संबंध काय, असे वाटते. परंतु भांडणातील चाकू हे पोटाच्या जखमेचे एकमेव कारण नाही. रावेर-यावलकडे केळीचा घड उतरवताना कोयता निसटतो. पोळ्याच्या गर्दीत बिथरलेला बैल शिंग खुपसतो. महामार्गावर उलटलेल्या गाडीची सळई प्रवाशाच्या पोटात शिरते. रात्री दुकान बंद करून रोकड घेऊन निघालेल्या व्यापाऱ्यावर हल्ला होतो. यांपैकी कोणताही प्रसंग कोणत्याही घरी येऊ शकतो, आणि तो येतो तेव्हा विचार करायला वेळ मिळत नाही.

असा एक प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. रात्रीचे साडेदहा वाजले आहेत. पंचविशीतल्या एका तरुणाला पोटावर वार झालेल्या अवस्थेत धुळ्याच्या रुग्णालयात आणले आहे. बेंबीच्या डावीकडे दोन बोटे रुंदीची जखम आहे, रक्त जवळजवळ थांबले आहे. तरुण शुद्धीवर आहे, बोलतो आहे. बाहेर व्हरांड्यात वीस-पंचवीस नातेवाईक जमले आहेत. शल्यचिकित्सक तपासणी करून बाहेर येतात आणि सांगतात, “सध्या शस्त्रक्रिया करीत नाही. लक्ष ठेवून आहोत.” व्हरांड्यात एकदम कल्लोळ होतो. पोटात सुरा गेला आणि डॉक्टर म्हणतात थांबा! कोणी म्हणतो, पैशासाठी अडवले आहे. कोणी म्हणतो, डॉक्टरला येत नाही. कोणी मोटार काढतो आणि रुग्णाला रात्रीच नाशिकला हलवायची भाषा करतो. नाशिक धुळ्याहून दीडशे किलोमीटरहून दूर आहे.

आजचे सारे विवेचन त्या व्हरांड्यातील गैरसमजाविषयी आहे. “थांबा” असे म्हणणारा शल्यचिकित्सक हातावर हात ठेवून बसलेला नसतो. मात्र ते थांबणे उपचार ठरण्यासाठी एक अट आहे आणि ती अट आपल्या खान्देशात सर्वत्र पुरी होत नाही, हेही तितकेच खरे.

प्रथम जखमेचे स्वरूप पाहू. घडी केलेल्या कापडाच्या ताग्यात दाभण शिरले, तर वरचे छिद्र पाहून किती घड्या भेदल्या गेल्या हे सांगता येत नाही. तागा उलगडला तर छिद्रे एका रेषेत राहत नाहीत. पोटाचेही तसेच आहे. त्वचा, चरबी, स्नायू, त्याखाली उदरावरण आणि त्याच्या आत सतत हलणारी आतडी. वरची जखम लहान असून आत यकृत चिरलेले असू शकते आणि वरची जखम भयंकर दिसूनही आत काहीच नसू शकते. पोटाच्या पुढच्या बाजूच्या चाकूच्या जखमांविषयी शल्यचिकित्सेत एक ढोबळ हिशेब शिकवला जातो. सुमारे एकतृतीयांश जखमा उदरावरणापर्यंत पोहोचतच नाहीत, एकतृतीयांश आत शिरतात पण दुरुस्त करावी लागेल अशी इजा करीत नाहीत, आणि उरलेल्या एकतृतीयांशांतच शस्त्रक्रियेची खरी गरज असते. म्हणजे प्रत्येकाचे पोट उघडले, तर अनेकांचे विनाकारण उघडले जाईल. कोणाचेच उघडले नाही, तर अनेक जण दगावतील. तो एकतृतीयांश ओळखायचा कसा, एवढाच प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर शोधण्यात वैद्यकाची दोन हजारांहून अधिक वर्षे गेली आहेत.

आपल्या देशात हा विचार फार पूर्वी झाला. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील दुसरा अध्याय ताज्या जखमांविषयीच आहे. बाहेर आलेले आतडे अखंड असेल तर ते दुधाने धुऊन, तूप लावून, नखे कापलेल्या हाताने हळूहळू आत सारावे, असे तेथे सांगितले आहे. हजारो वर्षांपूर्वी शल्यवैद्याच्या नखांची काळजी केली जात होती, हे वाचून आजही आश्चर्य वाटते. आतडे फाटलेले असेल, तर त्याच्या कडा मोठ्या मुंग्यांकडून चाववून, मुंग्यांचे धड तोडून, केवळ डोक्यांचा टाका ठेवावा, असे काहींचे मत म्हणून नोंदवले आहे. (आपल्या समाजातील आजीबाईंनी हा उपाय ऐकून कानांवर हात ठेवले असते, हे वेगळे.) त्याच अध्यायात, आत रक्त साचलेला, पांढरा पडलेला, हात, पाय व तोंड थंड झालेला, श्वास गार पडलेला, डोळे लाल झालेला आणि पोट फुगलेला रुग्ण सोडून द्यावा, असेही सांगितले आहे. या वर्णनात निरीक्षण अचूक आहे. अंतर्गत रक्तस्रावाची तीच लक्षणे आजचे डॉक्टरही पाहतात. निष्कर्ष मात्र उलटा झाला आहे. सुश्रुतांच्या काळी ज्याला सोडून देणे भाग होते, तोच रुग्ण आज सर्वांत आधी शस्त्रक्रियेच्या टेबलावर जातो. मधल्या काळात भूल आली, रक्त देता येऊ लागले, जंतूंचे ज्ञान झाले.

हा बदल सरळ रेषेत झाला नाही. १८९४ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्या पोटात लिऑन शहरात एका अराजकवाद्याने खंजीर खुपसला. यकृताकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी कापली गेली होती. देशातील नामांकित शल्यचिकित्सक भोवती असूनही ती शिवता आली नाही आणि काही तासांत राष्ट्राध्यक्षांचा मृत्यू झाला. त्याच शहरातील अलेक्सिस कॅरेल या तरुणाने पुढे रक्तवाहिन्या शिवण्याचे तंत्र सिद्ध केले आणि १९१२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

त्यानंतर पाचच वर्षांनी, १८९९ मध्ये, दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध सुरू झाले. त्या युद्धात जखमींना डोल्यांवरून वाहून नेण्यासाठी महात्मा गांधींनी सुमारे ११०० हिंदी लोकांचे पथक उभारले होते. श्रीमद् राजचंद्र यांच्या सहवासाने ज्यांच्या अहिंसेला आकार आला, त्या गांधीजींची ही सेवा आपल्या समाजाने विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. त्याच युद्धात पोटाला गोळी लागलेल्या सैनिकांविषयी ब्रिटिश शल्यचिकित्सकांचे मत असे बनले की, पोट उघडले तर माणूस मरतो, न उघडता ठेवला तर कदाचित जगतो. रणभूमीवरची धूळ, पाण्याचा दुष्काळ आणि मैलोन्‌मैल डोलीतून होणारा प्रवास लक्षात घेता ते मत तेव्हा अगदीच चुकीचे नव्हते. पुढे रशिया-जपान युद्धात १९०५ च्या सुमारास व्हेरा गेद्रोइत्स या रशियन महिला शल्यचिकित्सकाने आघाडीजवळ आगगाडीच्या डब्यात शस्त्रक्रियागृह थाटले, जखमी काही तासांच्या आत आले तरच पोट उघडले आणि रुग्ण वाचवून दाखवले. पहिल्या महायुद्धात सर्वांनी तो मार्ग स्वीकारला. मग नियमाचे टोक दुसरीकडे गेले. पोटात शस्त्र शिरले की पोट उघडायचेच, असा दंडक युद्धातून नागरी रुग्णालयांत आला आणि अनेक दशके टिकला.

दंडक पाळणे सोपे असते, कारण त्यात विचार करावा लागत नाही. पण त्याची किंमत रुग्ण मोजत होता. छातीच्या खालून ओटीपोटापर्यंत चीर द्यायची, आतडी हातभर हातभर तपासायची, काहीच सापडले नाही म्हणून परत शिवायचे! अशा रुग्णाला पुढे आतड्यांच्या चिकटणीमुळे पोट अडण्याचा त्रास होऊ शकतो, शिवलेल्या जागी हर्निया होऊ शकतो, न्यूमोनिया होऊ शकतो. जो हमाल पाठीवर पोती वाहतो किंवा जो शेतमजूर केळीचे घड खांद्यावर नेतो, त्याचे कित्येक आठवड्यांचे उत्पन्न बुडते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील किंग्ज काउंटी रुग्णालयातील जेरल्ड शाफ्टन यांनी १९६० मध्ये या दंडकाला आव्हान दिले. जखम कोठे आहे यापेक्षा रुग्णाची अवस्था काय आहे यावरून शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यावा, असे त्यांनी मांडले. पुढे जोहान्सबर्गजवळील सोवेटोच्या बाराग्वनाथ रुग्णालयातील डेमेट्रिएडिस व रॅबिनोविट्झ यांनी १९८७ मध्ये पोटात चाकू लागलेल्या ६५१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ३०६ जणांवर, म्हणजे जवळजवळ निम्म्यांवर, पोटात गंभीर लक्षणे नसल्याने शस्त्रक्रिया न करता वारंवार तपासणीचा मार्ग अवलंबला. त्या ३०६ पैकी केवळ ११ जणांना नंतर शस्त्रक्रिया करावी लागली आणि मृत्यू एकाचाही झाला नाही. लक्षात घ्यावे, हा अभ्यास श्रीमंत देशातील चकचकीत रुग्णालयाचा नव्हता. जखमींची रांग लागणाऱ्या, गर्दीने ओसंडणाऱ्या सरकारी रुग्णालयाचा होता.

आता त्या धुळ्याच्या व्हरांड्याकडे परत येऊ. शल्यचिकित्सकांनी आत काय पाहिले? सर्वांत आधी नाडी व रक्तदाब. नाडी धावत असेल, रक्तदाब उतरत असेल, अंग गार पडत असेल, तर पुढच्या तपासण्यांसाठी थांबायचे नाही. रक्त व सलाईन चालू ठेवून थेट शस्त्रक्रियागृह. दुसरे म्हणजे पोटाचा स्पर्श. जखमेपाशी दुखणे स्वाभाविक आहे, परंतु जखमेपासून दूरही दुखत असेल आणि सारे पोट लाकडी फळीसारखे ताठ झाले असेल, तर आतड्यातील घाण उदरात पसरल्याचा संशय धरून शस्त्रक्रिया करावीच लागते. रक्ताची उलटी झाली, शौचावाटे रक्त गेले, शस्त्र अजून पोटात रुतलेले आहे, अशा वेळीही शस्त्रक्रियेचाच निर्णय होतो. आतडे बाहेर आले असेल तर बहुतेक ठिकाणी शस्त्रक्रिया करतात. जाळीसारखी वपा तेवढी बाहेर आली असेल, तर अनुभवी हातात कधी थांबताही येते.

यांपैकी काहीच नसेल, तरच प्रतीक्षेचा मार्ग खुला होतो. तोही सर्वांना नाही. रुग्ण दारूच्या अमलाखाली असेल, डोक्याला मार लागून बेशुद्ध असेल किंवा कमरेखाली संवेदना नसेल, तर त्याचे पोट दुखते की नाही हे तो सांगणार कसे? अशा रुग्णात केवळ हाताच्या तपासणीवर विसंबता येत नाही. सोनोग्राफी, सी. टी. स्कॅन किंवा दुर्बिणीची मदत घ्यावी लागते. सोनोग्राफीत पोटात साचलेले रक्त दिसते, पण आतड्याचे लहान छिद्र ती हमखास दाखवीत नाही. म्हणून ‘सोनोग्राफी नॉर्मल आहे, घरी जा’ असे होत नाही.

एका जागेविषयी विशेष सांगायला हवे. डाव्या बाजूच्या खालच्या बरगड्यांमधील जखम छातीची समजली जाते. परंतु श्वास सोडताना मध्यपटल पार स्तनाग्राच्या पातळीपर्यंत वर येते. तेथे लागलेला चाकू मध्यपटल भेदून पोटात जाऊ शकतो. मध्यपटलाचे छोटे छिद्र दुखत नाही, एक्स-रेमध्ये बहुधा दिसत नाही आणि आपोआप भरूनही येत नाही. वर्षे उलटल्यावर जठर किंवा आतडे त्या छिद्रातून छातीत शिरून अडकते. म्हणून अशा रुग्णाला कसलाही त्रास नसतानाही डॉक्टर दुर्बिणीतून आत पाहण्याचा आग्रह धरतात. तेव्हा ‘काही होत नाही तर दुर्बीण कशाला’ हा वाद घालू नये.

प्रतीक्षा म्हणजे काय करतात? रुग्णाला तोंडाने काही देत नाहीत. नाडी, रक्तदाब, ताप यांची ठरावीक वेळाने नोंद होते. दर काही तासांनी हिमोग्लोबिन पाहतात. आणि शक्यतो एकाच शल्यचिकित्सकाचा हात पुनःपुन्हा त्या पोटावर पडतो. हात एकच असण्याला महत्त्व आहे, कारण चार तासांपूर्वी पोट किती मऊ होते हे त्याच हाताला आठवते. आत इजा असलेल्या बहुतेक रुग्णांची लक्षणे पहिल्या बारा तासांत स्पष्ट होतात. तरीही निदान चोवीस तास लक्ष ठेवण्याची पद्धत आहे. नाडी ८४ वरून ९६, ९६ वरून ११० अशी चढत गेली, तर रुग्ण “बरे वाटते” म्हणत असला तरी निर्णय बदलतो. रात्री साडेदहाला “शस्त्रक्रिया नको” म्हणणारे डॉक्टर पहाटे तीनला “आता करायची” म्हणाले, तर आधीचा निर्णय चुकला होता असे नव्हे. त्या चढत्या आकड्यासाठीच ते जागे होते.

येथे अट येते. पहारा देणारा कोणी असेल, तरच प्रतीक्षा हा उपचार आहे. रात्री शल्यचिकित्सक घरी, परिचारिका एक आणि खाटा तीस, नोंदवही सकाळी एकदम भरायची, अशा ठिकाणी थांबणे म्हणजे दैवावर हवाला. अशा ठिकाणच्या प्रामाणिक डॉक्टरने दोनच गोष्टी कराव्यात: प्रकृती स्थिर असताना रुग्णाला वेळेवर मोठ्या ठिकाणी पाठवावे, किंवा पाठवणे शक्य नसेल तर पोट उघडून पाहावे. रावेरहून जळगाव साठ-सत्तर किलोमीटर आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून येणाऱ्याचे आधीच काही तास गेलेले असतात. धुळ्याला श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जळगावला २०१८ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून महाराष्ट्रात धावते आहे. पूर्वीच्या मानाने परिस्थिती निश्चित सुधारली आहे. परंतु गावातल्या दवाखान्यात तीन तास, तालुक्याला दोन तास आणि मग ओळखीच्या डॉक्टरांचा फोन लागेपर्यंत आणखी एक तास, असा प्रवास आपल्याकडे अजून होतो. फाटलेल्या आतड्याला हे तास परवडत नाहीत.

आपल्या समाजाच्या विश्वस्तांपुढे या संदर्भात एक अप्रिय गोष्ट मांडावीशी वाटते. आपले दाते उदार आहेत. यंत्र द्यायचे म्हटले की पुढे येतात. यंत्रावर, खोलीवर, पाण्याच्या टाकीवर मातोश्रींचे किंवा पिताश्रींचे नाव कोरता येते. पहाटे तीन वाजता नाडी मोजणाऱ्या परिचारिकेच्या वेतनावर संगमरवरी पाटी लावता येत नाही, म्हणून त्यासाठी देणगी येत नाही. वास्तविक या विकारात रुग्णाचा जीव बहुतांशी तिच्या नोंदवहीवर अवलंबून असतो. ज्या ज्या रुग्णालयाशी समाजाचा संबंध आहे, तेथे रात्रपाळीसाठी कायम निधी ठेवता आला, तर नव्या यंत्राइतकेच, कदाचित अधिक, पुण्य पदरी पडेल.

शस्त्रक्रिया आणि हिंसा यांविषयीही काहींच्या मनात किंतु असतो. आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला, मध्यवर्ती स्थान दिले आहे. नियम आहे म्हणून न पाहता पोट कापणे हा प्रमाद आणि पाहूनही भीतीपोटी न कापणे हाही प्रमाद. हल्लेखोराच्या हातातील पाते आणि शल्यचिकित्सकाच्या हातातील पाते एकाच पोलादाचे असते. फरक सावधपणाचा आणि हेतूचा आहे.

आता घरच्यांनी काय करावे ते थोडक्यात. शस्त्र रुतलेले असेल तर ते उपसू नये, कारण कापलेल्या रक्तवाहिनीला तेच बूच म्हणून दाबून असते. ते हलणार नाही अशा रीतीने भोवती कापडाच्या घड्या ठेवून तसेच न्यावे. आतडे बाहेर आले असेल तर आत ढकलू नये. सुश्रुतांच्या काळी दुसरा उपाय नव्हता, आज आहे. स्वच्छ ओल्या कापडाने ते झाकावे. जखमेत हळद, चहापूड, राख काही भरू नये. पाणी देऊ नये. तहानेने कासावीस झालेल्या माणसाला पाणी नाकारणे आपल्याला पाप वाटते, पण भूल देताना पोटातले पाणी फुप्फुसात गेले तर तेच जीवघेणे ठरते. रात्री चौविहार पाळणाऱ्या घरांना हे समजावून सांगणे सोपे जावे.

अंगावरील कपडे धुऊ नयेत, फेकू नयेत. सदऱ्याला पडलेले भोक हा न्यायालयातील पुरावा असतो. म्हणून डॉक्टरही सदरा कापतात तेव्हा ते भोक वगळून कापतात. आणि पोलीस आल्याशिवाय उपचार नाहीत, हा समज कायमचा सोडावा. परमानंद कटारा विरुद्ध भारत सरकार या १९८९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले आहे की, जखमीचा जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे, सरकारी असो वा खाजगी, पहिले कर्तव्य आहे आणि कायद्याचे सोपस्कार त्याच्या आड येऊ शकत नाहीत. पोलिसांना कळवण्याचे काम रुग्णालय करते.

व्हरांड्यातल्या पंचवीस जणांपैकी एकाने डॉक्टरांशी बोलावे, चौघांनी रक्तपेढीत जावे, बाकीच्यांनी घरी जावे. जो बोलेल त्याने “ऑपरेशन का करीत नाही” असे विचारण्याऐवजी “रात्री कोण तपासणार आणि किती वेळाने” हे विचारावे. उत्तर समाधानकारक असेल तर निश्चिंत बसावे. उत्तर मिळत नसेल तर रुग्ण स्थिर असतानाच दुसरीकडे नेण्याचा विचार करावा, पहाटे प्रकृती ढासळल्यावर नव्हे.

शस्त्रक्रियेविना घरी सोडलेल्या रुग्णाने धनुर्वाताचे इंजेक्शन घेतल्याची खात्री करावी. पुढील काही दिवसांत ताप आला, उलट्या झाल्या, पोट फुगले किंवा नव्याने दुखू लागले, तर घरगुती उपाय न करता त्याच रुग्णालयात परत जावे आणि पहिल्या वेळचे सारे कागद बरोबर न्यावेत.